निवृत्तांचें वेळापत्रक

नोकरींतून निवृत्त झालेल्या माणसास पहिली अडचण पडते ती पैशाची नव्हे, प्रकृतीचीहि नव्हे, ती वारांची. कचेरींत असतांना सोमवारची एक चव असे आणि शनिवारची दुसरी. पहिल्या तारखेला तर स्वतःचें असें एक तेज असे. निवृत्तीनंतर हीं सारीं तेजें एकाएकीं मावळतात आणि पंचांगांतले सातहि वार एकाच रंगाचे दिसूं लागतात. तिसऱ्या महिन्यांत एके सकाळीं मीं पत्नीला विचारलें, "अग, आज वार कोणता?" ती स्वयंपाकघरांतून म्हणाली, "अहो, तुम्हांला वाराशीं काय करायचें आहे? तुमचे सातहि रविवारच आहेत." हें ती हंसत बोलली. पुढचें वाक्य मात्र ती हंसत बोलली नाहीं. ती म्हणाली, "माझा एकहि नाहीं."

आजच्या भाषणांत आमच्या खेड्यांतल्या एका आठवड्याची हकीकत सांगण्याचें मीं योजिलें आहे. तिचा उगम या दोन वाक्यांत आहे, म्हणून तीं आधीं सांगितलीं.

आम्ही दोघेंहि पुण्यास चाकरी करून निवृत्त झालेलीं. मी हिशेबखात्यांत होतों; ती शाळेंत गणित शिकवीत असे. मुलें आपापल्या संसारांत दूर गेलीं. वाईच्या पश्चिमेस कृष्णेच्या कांठीं एका लहानशा गांवीं माझ्या वडिलांचें कौलारू घर आहे आणि त्याच्यामागें दहा गुंठ्यांचें परसूं आहे. तेथें जाऊन राहावें असें ठरलें. गांवाचें नांव मी सांगत नाहीं; कारण पुढें सांगावयाची गोष्ट तेथल्या जिवंत माणसांची आहे.

वानप्रस्थाची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मनूनें वनांत जाणाऱ्या पतीला दोन मार्ग सांगितले आहेत: पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावें, किंवा तिला बरोबर न्यावें. पत्नीला विचारावें, हा तिसरा मार्ग त्यानें सांगितलेला नाहीं. मींहि विचारलेलें नव्हतें. त्यामुळें खेड्यांत आल्यावर मी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत असें आणि ती शहरांतल्यासारखीच, किंबहुना अधिक, चुलीपाशीं उभी असे. वर सांगितलेल्या त्या सकाळनंतर तिनें एक मोठा कागद घेतला, पट्टीनें सात रकाने आंखले आणि शाळेंत लावतात तसें वेळापत्रक करून तें माजघरांत टांगलें. त्याचे नियम तीन. प्रत्येक दिवशीं दोघांनींहि कांहीं तरी शिकावें. शिकावयाचें तें शक्य तोंवर गांवांतल्या माणसाकडून शिकावें, म्हणजे आपण शहाणीं आहों हा भ्रम राहणार नाहीं. आणि बुधवारीं स्वयंपाकघर माझें.

ज्या आठवड्याची हकीकत सांगतों तो माघ महिन्यांतला होता.

सोमवार हातांच्या कामाचा. आमच्या भागांत हळदीचें पीक होतें, आणि माघांत हळदीची धांदल असते. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लाविलेलें बेणें सुमारें नऊ महिन्यांनीं तयार होतें. पानें पिवळीं पडून वाळूं लागलीं म्हणजे तीं कापून कंद खणून काढावयाचे. ओल्या हळकुंडाला बाजारांत मान नाहीं. तें शिजवावें लागतें, वाळवावें लागतें, घांसावें लागतें, तेव्हां कोठें त्याला आपण ओळखतों तें रूप येतें. पूर्वीं मोठ्या काहिलींत पाणी घालून शिजवीत. आतां पुष्कळ ठिकाणीं वाफेवर शिजवितात. आम्ही दोन वाफ्यांची हळद शेजारच्या एका शेतकऱ्याच्या हळदींत मिसळून शिजविली. शिजली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मी खिशांतलें घड्याळ काढलें. त्यानें एक बारीक काडी हळकुंडांत खुपसून पाहिली आणि घड्याळाकडे पाहिलेंहि नाहीं. पुढें दहा-पंधरा दिवस उन्हांत वाळवून हळकुंड मोडलें असतां खणकन आवाज आला पाहिजे. कमी शिजलें तर वाळल्यावर तें एकसारखें होत नाहीं, अधिक शिजलें तर रंग उतरतो. तीस वर्षें आंकडे ताडून पाहण्यांत घालविलेल्या मला, काडीच्या टोंकावर ताळा पाहणारा हा हिशेबनीस फार थोर वाटला.

मंगळवार मोडीचा. मोडी लिपि हेमाद्रीनें प्रचारांत आणिली अशी परंपरागत समजूत आहे. तें कसेंहि असो. शतकानुशतकें महाराष्ट्राचा राज्यकारभार, सावकारी आणि घरचा पत्रव्यवहार याच लिपींत चालला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवीत असत. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर मेणवली आहे. तेथें नाना फडणिसांचा वाडा आहे, आणि नानांच्या मेणवली दप्तराचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. अशा मुलखांत राहून मोडी येऊं नये हें मला लाजिरवाणें वाटलें, म्हणून आठ महिन्यांपूर्वीं आम्हीं दोघांनीं धडे सुरू केले.

मोडीची अडचण अक्षरांपेक्षां लिहिण्याच्या सवयींत आहे. आधीं आडव्या रेघा ओढून घ्यावयाच्या आणि मग त्या रेघांस टांगल्याप्रमाणें, लेखणी शक्य तोंवर न उचलतां लिहीत जावयाचें. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. दोन शब्दांमध्यें जागा सोडलेली नाहीं. पूर्णविराम नाहीं. ओळ संपली म्हणून वाक्य संपलें असें नाहीं. कित्येकदां एक शब्द सुद्धां मध्येंच मोडून खालच्या ओळींत उतरतो. वाचणाऱ्यानें स्वतःच थांबावयाच्या जागा ठरवाव्या लागतात, आणि सारें संकट तेथेंच आहे. माझी पत्नी एकेक अक्षर बालबोधींत उतरवून घेते व सर्व उतरल्याखेरीज अर्थ लावीत नाहीं. मी मात्र अंदाजानें धांवतों.

त्या मंगळवारीं दुपारीं आमच्या शेजारच्या आक्का आल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढें. पती निवर्तल्यापासून दीड एकराचा तुकडा त्या स्वतःच्या देखरेखीखालीं करून घेतात. विहीर भाऊबंदांची, सामाईक. पाण्याच्या पाळ्या आठ दिवसांच्या. पुतण्या त्यांना आठांतला एक दिवस देत असे. आक्कांचें म्हणणें, आपले दोन. माघ सरत आला म्हणजे ऊन चढतें, कांदा पोसूं लागतो, आणि शेतीपंपाची वीज कधीं दिवसा येते तर कधीं मध्यरात्रीं. अशा वेळीं पाण्याचा एक दिवस म्हणजे सबंध पिकाचा प्रश्न असतो.

आक्कांनीं पिशवींतून एक घडी घातलेला कागद काढला. म्हणाल्या, "तात्या, तुमी ही लिपी शिकताय म्हनं. हिरीचा कागुद हाय. काय लिवलंय त्येवढं सांगा."

कागदाच्या शिरोभागीं फसली सन १३२० असें स्पष्ट होतें. फसलींत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. म्हणजे कागद १९१० सालच्या सुमाराचा. हें गणित मला चटकन सुटलें, आणि त्यामुळें पुढचेंहि चटकन सुटेल असा गर्व झाला. विहीर सामाईक, तींत अमक्याचा हिस्सा चार आणे. येथें ओळ संपत होती. रुपयाचे आणे सोळा. चार आणे म्हणजे चवथाई. आठ दिवसांतले दोन दिवस. मीं मान वर करून सांगितलें, "आक्का, तुमचें म्हणणें खरें आहे."

ओट्यावर त्या वेळीं आणखी तीन-चार माणसें बसलेलीं होतीं. आक्कांनीं कागद कपाळाला लाविला. दिवेलागणीच्या सुमारास देवळापुढें आक्का व पुतण्या यांची मोठी बोलाचाली झाल्याचें कानांवर आलें. पुतण्याला चोर म्हटलें गेलें, आणि त्यानेंहि उलट असेंच कांहीं म्हटलें. माझ्या मनांत आलें, सत्य बाहेर पडतांना थोडा आवाज व्हावयाचाच.

कागदाचें छायाचित्र मीं भ्रमणध्वनीवर घेऊन ठेविलें होतें. रात्रीं जेवणानंतर पत्नी तें मोठें करून आपल्या पद्धतीनें एकेक अक्षर वहींत उतरवीत बसली. दहाच्या सुमारास ती म्हणाली, "अहो, तुम्ही ओळीच्या शेवटीं थांबलांत. कागद थांबलेला नाहीं."

खालची ओळ 'पैकीं निमे' या शब्दांनीं सुरू होत होती. चार आणे पैकीं निमे. म्हणजे दोन आणे. म्हणजे आठ दिवसांतला एक दिवस. पुतण्या बरोबर होता.

मीं म्हटलें, "उद्यां पाहूं." ती म्हणाली, "उद्यां केव्हां?" गणिताच्या शिक्षिकेला उत्तराबरोबर परिमाणहि लागतें.

श्रोतेहो, त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं, आणि त्याचें कारण केवळ लाज हें नव्हतें. खरें सांगतों, मोहहि झाला. तो कागद वाचूं शकणारीं गांवांत आम्ही दोघेंच. आक्कांची गरज खरी. पुतण्याची स्थिति बरी, त्याला आणखीहि जमीन आहे. माझें चुकीचें वाचन जणूं न्यायाच्याच बाजूनें उभें होतें. मग तें तसेंच राहिलें तर काय बिघडलें? मीं हें पत्नीला बोलूनहि दाखविलें. ती म्हणाली, "गरज निराळी आणि वाचन निराळें. आक्कांसाठीं पाणी मागायचें असेल तर आपण उघड मागूं. पण कागद जें बोलला नाहीं तें त्याच्या तोंडीं घालूं नये."

बुधवार माझ्या स्वयंपाकाचा. पण चूल पेटविण्यापूर्वीं मी आक्कांच्या गोठ्यांत गेलों. त्या गाईला वैरण घालीत होत्या. मीं उभ्या उभ्याच सारें सांगितलें: चूक कोठें झाली, कशी झाली, बरोबर वाचन काय. त्यांनीं पाण्याविषयीं एक शब्दहि काढला नाहीं. बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवीत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हंजी आमचं मालक जल्मभर खोटं बोललं व्हय?"

त्यांचे पती घरीं नेहमीं 'आपले चार आणे' असें म्हणत असत. मीं पाण्याचा हिशेब द्यावयास गेलों होतों. त्यांच्यापुढें मेलेल्या नवऱ्याच्या शब्दाचा हिशेब उभा राहिला. यावर मला उत्तर देतां आलें नाहीं.

तेथून मी पुतण्याकडे गेलों आणि नंतर देवळाच्या कट्ट्यावर, जीं माणसें आदल्या दिवशीं माझ्या ओट्यावर होतीं त्यांच्यासमोर, आपली चूक पुन्हां बोलून दाखविली. माणूस चुकतो चारचौघांत आणि क्षमा मागतो एकांतांत, ही सोय आपण सर्वांनींच करून ठेविली आहे; ती मला त्या दिवशीं घेतां येण्यासारखी नव्हती. पुतण्या हंसला नाहीं, रागावलाहि नाहीं. एवढेंच म्हणाला, "तात्या, तुमचं वाचलेलं तुमी मागं घेतलं. आमी बोललेलं कसं घ्यायचं?"

घरीं येऊन मीं भाकऱ्या केल्या. ज्वारीचें पीठ कढत पाण्यांत उकडीसारखें मळून घेतलें म्हणजे भाकरी चिरत नाहीं, हें मला दोन वर्षांपूर्वीं आक्कांनींच शिकविलें होतें. त्या दिवशीं चारांपैकीं तीन चिरल्या. पत्नीनें त्या निमूटपणें खाल्ल्या.

गुरुवार पांखरांचा आणि बाजाराचा. सकाळीं आम्ही नदीच्या कांठानें चालत जातों आणि दिसतील त्या पक्ष्यांची नोंद वहींत करितों. तारेवर वेडे राघू बसलेले असतात. ते हवेंतल्या हवेंत माशी टिपून पुन्हां त्याच जागीं येतात. पाण्याच्या कडेला शेपटी वरखालीं हालवीत परीट हिंडतो. हा हिवाळ्याचा पाहुणा, उन्हाळा आला कीं उत्तरेकडे जावयाचा. खंड्या, कोतवाल, भारद्वाज हे तर घरचेच. आमच्याजवळ सलीम अलींचें पुस्तक आहे, जें प्रथम १९४१ सालीं निघालें आणि ज्याच्यापासून या देशांतल्या कितीएक पिढ्या पक्षी पाहावयास शिकल्या. पण आमचा खरा गुरु म्हणजे गांवांतला एक बारा वर्षांचा मुलगा. त्याला पुस्तकांतलीं नांवें ठाऊक नाहींत; परंतु टिटवी जमिनीवर उघड्यावरच अंडीं घालते आणि कोणी जवळ आलें तर आरडाओरड करून त्याला भलतीकडे नेऊं पाहते, हें त्यानें आम्हांला प्रत्यक्ष दाखविलें. आम्हीं नांव सांगावें आणि त्यानें घर दाखवावें, असा आमचा करार आहे.

त्या गुरुवारीं तोहि बोलला, "तात्या, तुमच्यामुळं भांडन झालं म्हनत्यात." मुलांजवळ वेष्टनें नसतात.

दुपारीं शेजारच्या गांवच्या बाजारांत गेलों. एरवीं आक्का आमच्याबरोबर येत असत. त्या दिवशीं त्या एकट्याच पुढें निघून गेल्या होत्या.

शुक्रवार पत्नीचा. दर शुक्रवारीं सकाळीं आक्का आमच्या घरीं येतात आणि ती त्यांच्याजवळून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेते. गिरण्या झाल्यापासून जातीं अडगळींत गेलीं, आणि जात्याबरोबर ओव्याहि जाऊं लागल्या. महाराष्ट्रांतल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गी पॉत्व्हें व हेमा राईरकर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गोळा केल्या आहेत. त्या ऐकतांना आपल्या लक्षांत येतें कीं ज्या बायकांना लिहितां येत नव्हतें, त्यांनीं आपलें सारें वाङ्मय एका दगडाभोंवतीं रचून ठेविलें होतें. माहेर, भाऊ, मूल, सासुरवास, पंढरी, सारें त्यांत आहे. आरंभीं माझी पत्नी वही घेऊन समोर बसे आणि म्हणे, "आक्का, सांगा." आक्कांना एकहि ओवी आठवत नसे. शेवटीं आम्हीं माळ्यावरचें जातें खालीं काढिलें, त्याला टांकी लावून घेतली आणि मूठभर गहूं घातले. खुंटा फिरूं लागतांच एकीमागून एक ओव्या निघूं लागल्या. आठवण डोक्यांत नव्हती, हातांत होती. तेव्हांपासून पत्नी समोर बसून दुसऱ्या हातानें खुंटा ओढते आणि दळण झाल्यावर लिहिते.

त्या शुक्रवारीं आक्का आल्या नाहींत. पत्नीनें तासभर वाट पाहिली. मग ती जाऊन त्यांच्या दाराशीं बसली. काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. तिनें सांगितलें नाहीं. परत आल्यावर ती एवढेंच म्हणाली, "आज ओवी नाहीं. आज त्यांनीं मला नवऱ्याची गोष्ट सांगितली." आणि थोड्या वेळानें म्हणाली, "तो सबंध कागद आपण अजून वाचलेलाच नाहीं. तुम्हीं एक ओळ वाचली, मीं दोन."

शनिवार वाईचा. वाई म्हणजे घाट आणि देवळें एवढेंच पुष्कळांना ठाऊक असतें; १७६२ सालीं रास्त्यांनीं बांधिलेला ढोल्या गणपति सर्वांनीं पाहिलेला असतो. परंतु आमच्यासारख्या उतारवयांतल्या विद्यार्थ्यांना वाईचें निराळें महत्त्व आहे. येथल्या प्राज्ञपाठशाळेंत केवलानंद सरस्वतींच्या पायांशीं विनोबा शिकले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले. आणि पुढें तर्कतीर्थांच्या नेतृत्वाखालीं याच गांवीं मराठी विश्वकोशाचें काम उभें राहिलें, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्यें बाहेर पडला. महिन्यांतून एकदां आम्ही पांचगणीपलीकडील भिलार येथेंहि जातों. ४ मे २०१७ पासून हें स्ट्रॉबेरी पिकविणारें गांव 'पुस्तकांचें गांव' झालें आहे. प्रारंभीं २५ ठिकाणीं सुमारें १५,००० पुस्तकें ठेविलीं गेलीं, आणि तींहि बव्हंशीं लोकांच्या राहत्या घरांत. कोणीहि जावें, ओटीवर बसावें आणि वाचावें. आंत घरची मंडळी आपलें काम करीत असतात आणि बाहेर परका मनुष्य कादंबरींत बुडालेला असतो. ग्रंथालयाचें याहून घरगुती रूप मीं पाहिलेलें नाहीं.

त्या शनिवारीं मात्र भिलारचा बेत रहित करून आम्ही वाईंत मोडीच्या एका वृद्ध जाणकारांकडे गेलों. त्यांनीं कागद सावकाश वाचिला आणि पत्नीचें वाचन बरोबर ठरविलें. पण ते तेथें थांबले नाहींत. शेवटच्या अक्षरापर्यंत गेले. तेव्हां कागदाचा खरा आशय उलगडला. चार आणे हिस्सा आक्कांच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांचा. त्यांना मुलगे दोन. चार आण्यांपैकीं निमे थोरल्याकडे, निमे धाकट्याकडे. आक्कांचें घर थोरल्याचें. धाकट्याचे वंशज पुढें मुंबईस गिरणींत गेले आणि तेथेंच राहिले. जाणकार म्हणाले, "कोर्टकचेरींत तुमच्या वाचनाचा उपयोग नाहीं, तेथें रीतसर लिप्यंतर लागेल. पण घरांत समजून घेण्याला एवढें पुरे."

रविवार पाहुण्यांचा आणि विश्रांतीचा. त्या रविवारीं सायंकाळीं आम्हीं आक्कांना आणि पुतण्याला दोघांनाहि घरीं बोलाविलें. दोघें येतील असें मला वाटलें नव्हतें. दोघेंहि आलीं, पण ओट्याच्या दोन टोंकांना बसलीं. या वेळीं कागद पत्नीनें वाचिला. एक ओळ मोडींतून, मग तीच सावकाश आपल्या बोलींत. आणि पूर्वजांचें प्रत्येक नांव आलें कीं ती थांबे. नांवें ऐकतांना आक्का मधून मधून "व्हय, व्हय" म्हणत होत्या. शेवटीं त्यांनीं विचारलें, "मंजी चार आणं लिवल्यालं हाय न्हवं?"

पत्नी म्हणाली, "लिहिलेलें आहे, आक्का. चार आणे तुमच्याच घराण्याचे. मालक खोटें बोलत नव्हते. त्यांनीं ऐकलेलें अर्धें वाक्य होतें."

आक्कांनीं डोळ्यांना पदर लाविला. मला वाटतें, पाण्याच्या एका दिवसाहून हा दिवस त्यांना मोठा होता.

मग मीं उघडपणें विचारलें: मुंबईकरांच्या दोन आण्यांचें पाणी सध्यां कोण घेतें? पुतण्या कांहीं वेळ गप्प राहिला. तें पाणी तोच घेत होता. लबाडीनें नव्हे, त्यांचा तुकडा पडीक आणि पाळी रिकामी जाते म्हणून. तो म्हणाला, "कांदा निगंपत्तुर आडपाळीनं चुलतीनं घ्यावं. मुंबैला मी फोन करून इचारतो." म्हणजे मुंबईकरांची पाळी एकदां त्यानें घ्यावयाची, एकदां आक्कांनीं. चोर म्हटल्याबद्दल आक्कांनीं क्षमा मागितली नाहीं, आणि त्यानेंहि मागितली नाहीं. जातांना त्यानें त्यांची काठी उचलून दिली. खेड्यांत कित्येक गोष्टी अशाच परत घेतल्या जातात.

पुढें सर्व गोड झालें असें मी सांगणार नाहीं. मुंबईचें उत्तर येण्यास दोन महिने लागले; कांदा निघाला, पण भाव पडलेला होता. अडपाळीची गोष्ट पुढच्या वर्षीं नव्यानें काढावी लागली. खेडें म्हणजे शांतीचें माहेरघर, ही शहरांतल्या माणसाची कल्पना आहे. तेथें पाणी मोजून असतें, वीज अवेळीं येते, रात्रीं छातींत दुखूं लागलें तर डॉक्टर गांठण्यास वाहन शोधावें लागतें. आणि आपण उच्चारलेला एक शब्द सायंकाळपर्यंत देवळापुढें पोंचतो. शहरांत माझ्या चुका फायलींत राहत. येथें त्या शेजारीं राहतात.

असें असूनहि आम्हीं परत जाण्याचा विचार केलेला नाहीं. निवृत्तीनंतर छंद असावा, असा उपदेश सर्वच करितात, आणि तो खोटा नाहीं. परंतु छंद म्हणजे वेळ घालविण्याचें साधन एवढेंच मानलें तर तो फार दिवस टिकत नाहीं. मीं मोडी शिकूं लागलों ती वेळ जावा म्हणून. एका वृद्ध स्त्रीनें आपला कागद माझ्या हातीं दिला तेव्हां मला कळलें कीं कोणतीहि विद्या दुसऱ्याच्या उपयोगी पडूं लागली कीं ती छंद राहत नाहीं, जबाबदारी होते. मग ती अर्धवट येऊन चालत नाहीं. आतां मीहि पत्नीप्रमाणें सर्व अक्षरें उतरल्याखेरीज अर्थ लावीत नाहीं. गांवांतले आणखी काहीं कागद आमच्याकडे आले आहेत. प्रत्येक कागद दोघांनीं वेगवेगळा वाचावयाचा, वाचनें जुळलीं तरच बोलावयाचें, आणि न जुळलीं तर वाईस जावयाचें, असा नियम आम्हीं वेळापत्रकांत मंगळवारच्या रकान्याखालीं लिहून ठेविला आहे.

आक्का पुन्हां शुक्रवारीं येतात. पत्नीच्या वहींत आज चारशेंहून अधिक ओव्या आहेत. मीहि अलीकडे दळतांना खुंट्याला हात लावितों. पुरुषानें जात्यावर बसलेलें पाहून आक्का अजूनहि पदर तोंडावर घेऊन हंसतात.

तेव्हां माझ्यासारख्या निवृत्त श्रोत्यांना माझी एकच विनंति आहे. आपण निवृत्त झालों, तसें आपल्या घरांत आणखीहि कोणी निवृत्त व्हावयाचें राहिलें आहे काय, हें एकदां पाहावें. तें राहिलें असेल, तर वेळापत्रकाचा पहिला रकाना तेथूनच आंखावा. बाकीचे छंद त्यामागून येतात.

माझी वेळ संपत आली. वार कोणता हें मी आतां पत्नीला विचारीत नाहीं. आज बुधवार आहे, आणि मला वेळेवर घरीं पोंचून भाकऱ्या करावयाच्या आहेत.